दारातच चष्मा काढणारे काकाजी

देवतळे काकाजी कोणाच्याही घरी चहाला गेले, की दारातच चष्मा काढून खिशात घालत आणि मग चाचपडत खुर्ची शोधत. नवख्या माणसाला वाटे, म्हाताऱ्याला आपलं तोंडसुद्धा पाहायचं नाही. काकाजींचं म्हणणं वेगळंच असे. "चष्मा लावला की भिंतीच्या भेगा दिसतेत. दिसल्या की तोंड उघडते. अन् तोंड उघडलं की समोरच्याले फुकटात सल्ला भेटते."

सरकारी बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी सदर भागातल्या आमच्या गल्लीत 'घर-सल्लागार' अशी पाटी लावली होती. नागपूरची काळी माती उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते आणि वरची घरं तडकतात. गिऱ्हाइकांना तोटा नव्हता. पण काकाजींचा एकावरही विश्वास नव्हता. पाटीसुद्धा व्हरांड्याच्या आतल्या बाजूला. बाहेर लावली तर "कोणी बी येऊन विचारत बसते" म्हणे.

त्यांची फी ठरवायची रीत तर विचारूच नका. गिऱ्हाइकानं घासाघीस केली, तर "हा पैसे बुडवते." मुकाट्यानं कबूल केलं, तर जास्तच संशय. "लगेच हो म्हणून राहिला. काहून? म्हणजे मी भाव कमी सांगतला!" मग तिथल्या तिथे भाव वाढे. फी आधी, बोलणं नंतर. भाजीवाल्यानं सहज "तब्येत कशी आहे काकाजी?" म्हटलं, तरी ते त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळत. याला घर तर बांधायचं नाही?

मीही काही कमी संशयी नव्हतो. हा माणूस उगाच भेगा दाखवून लोकांना घाबरवतो आणि पोट भरतो, असं माझं पक्कं मत होतं.

आमच्या मुलीच्या बारशाला काकाजी आले, ते नेहमीसारखेच चाचपडत. नलूनं, माझ्या बायकोनं, बाळ त्यांच्या मांडीवर दिलं. आता तोंड पाहायचं म्हणजे चष्मा लावणं आलं. त्यांनी लावला, बाळाकडे बघून हसले, मग त्यांची नजर पाळण्यामागच्या भिंतीवर गेली आणि हसू मावळलं.

"फी दे," ते मला म्हणाले.

"कशाची?"

"आधी दे."

भर बारशात, पाहुण्यांसमोर! माझं डोकंच फिरलं. "काकाजी, आज तरी दुकान बंद ठेवा. सांगायचं असेल तर असंच सांगा."

"असंच नाही सांगत. दे म्हणतो ना!" बाळाला त्यांनी छातीशी घट्ट धरलं होतं आणि कोणाच्याही हातात द्यायला ते तयार नव्हते. शेवटी नलूनंच आहेराच्या पाकिटातली नोट काढून त्यांच्या हातावर ठेवली.

"पाळणा उचल. या खोलीत कोणी झोपू नका. आजपासूनच."

पैसे गेले होते, तेव्हा मी चरफडत का होईना, पाळणा उचलला. दुसऱ्या दिवशी खात्री करायला बोलावलेल्या मिस्त्रीनं गिलावा जरासा ठोकला आणि विटांचा ढीगच खाली आला. पाळणा होता, नेमका तिथे.

मी थेट काकाजींकडे गेलो. आभार मानायचे होते आणि भांडायचंही होतं. "मी पैसे दिलेच नसते तर?"

"तर मी पोरगी सोडली नसती."

मग त्यांनी चष्मा काढून खिशात घातला. "भिवापूरले माह्या लहान भावाच्या घराची भिंत अशीच होती गा. किती डाव सांगतलं त्याले. हसे. म्हणे, दादाले जिकडे तिकडे भेगाच दिसतेत. त्याची पोरगी बी एवढीशीच होती." त्यांनी हातानं लांबी दाखवली आणि हात तसाच राहिला. "फुकटाचं कोणी ऐकत नाही, बापू. पैसे गेले, म्हणून तू पाळणा उचलला."

मी उठून निघालो, तेव्हा काकाजींनी मागून हाक मारली.

"तिले आणत जा गा मधून मधून," ते म्हणाले. "त्याची फी नाही."