ठिपकीची उडी

एका जंगलात, बाळांनो, ठिपकी नावाची एक हरिणी राहत होती. तिच्याएवढी लांब उडी कळपात कोणाची नव्हती. मग तिला पाच पाडसं झाली. पाचवं इतकं थोराड होतं, की त्याला जगात यायला दोन दिवस लागले.

त्यानंतर एक गंमत झाली. गंमत आपल्याला, ठिपकीला नव्हे. उडी मारली की तिला थेंब थेंब लघवी व्हायची. शिंकली तरी. माकडांच्या नकला बघून हसली तरी.

तुम्ही हसू नका. तीही हसायची थांबली.

माकडांचा खेळ असला, की 'पाडसाला बरं नाही' म्हणून ती मागेच राही. नवऱ्याला वाटलं, बायको पोक्त झाली. तो खूश झाला.

पण थेंबांना वास असतो, आणि त्या जंगलात बिबट्या होता. एका आठवड्यात तो दोनदा थेट कळपापर्यंत आला. लगेच सभा भरली.

"माग कोणाचा लागतोय, ते कळलंय," म्होरक्या शिंगोजी झाडाकडे बघत म्हणाला. "नाव घेत नाही. घरंदाज कळप आहे आपला. पण त्या बाईंनी उद्यापासून शंभर पावलं मागून चालावं."

शंभर पावलं मागे म्हणजे बिबट्याच्या ताटातच. ठिपकीची सासू सभेत पुटपुटली, "आम्हीही अकरा काढली. कधी हूं केलं नाही."

ठिपकी राजवैद्यांकडे गेली. राजवैद्य म्हणजे बगळा. पांढराशुभ्र, एका पायावर उभा. बायकांच्या तक्रारी तो डोळे मिटून ऐकायचा. सभ्य होता ना!

"काय होतंय?"

"उडी मारली की... म्हणजे... थोडंसं..."

"समजलं," बगळा घाईनं म्हणाला. त्याला काही समजलं नव्हतं. "पाडसं किती?"

"पाच."

"मग होणारच. उडी मारू नका. हसू नका. पाणी पिऊ नका."

"आणि बिबट्या आला तर?"

"तो आमचा विषय नाही. पुढच्या!"

परतताना वारुळापाशी साळूमावशी मुळं उकरत होती. ही साळिंदर म्हणजे जंगलातली सुईण. तिला काही येत नाही, असं शिकलेले लोक म्हणत.

"काय गं, अशी पाय आवळून का चालतेस?"

इतक्या दिवसांत हे कोणी विचारलंच नव्हतं. ठिपकीला रडू फुटलं आणि तिनं सगळं सांगून टाकलं.

मावशीनं मुळं बाजूला ठेवली. "शिंकताना होतं, की घाईची लागून वाटेत होतं? खाली काही उतरल्यासारखं, अंग बाहेर आल्यासारखं वाटतं?"

"शिंकताना. उडी मारताना. बाहेर काही येत नाही."

"झोप, बघते."

मावशीनं डोळे उघडे ठेवून नीट तपासलं.

"पोटाखाली स्नायूंची एक झोळी असते. त्यात मूत्राशय, गर्भाशय, सगळं तोललेलं. तुझी झोळी सैल झालीय. अंग बाहेर येत असतं, तर आतून आधाराचं कडं बसवावं लागलं असतं. तुझं कसरतीनं भागेल. लघवी अडवतो तसं आतून आवळायचं, दहा मोजायचे, सोडायचं. श्वास कोंडायचा नाही. दिवसातून तीनदा, चरता चरता केलंस तरी चालेल. आणि पाणी पी! पाणी तोडलंस तर जळजळीचं नवं दुखणं मागे लागेल."

"किती दिवस?"

"तीन महिने. तोवर ओढ्याच्या पाण्यातून चाल, माग लागणार नाही."

ठिपकी रोज शंभर पावलं मागे, पाण्यातून चालली. महिनाभर काहीच फरक पडला नाही. दुसऱ्या महिन्यात एकदा ती शिंकली आणि चकित होऊन उभीच राहिली.

तिसरा महिना संपता संपता बिबट्या काठावरच्या गवतातून उठला. पुढे कळप उधळला. ठिपकीनं मागचं-पुढचं पाहिलं नाही. तिनं ओढ्यालगतची रुंद घळ एका उडीत ओलांडली. बिबट्या अलीकडे जबडा मिटून बसला.

पलीकडे उतरल्यावर ठिपकीनं आधी मागे वाकून बघितलं. कोरडं ठणठणीत! ती इतकी मोठ्यानं हसली, की वरची माकडं ओशाळली.

दुसऱ्या सकाळी वारुळाशी रांग लागली. हरिण्या, नीलगायी, एक हत्तीणसुद्धा. आजारी कोणीच नव्हती. एक जावेसाठी विचारत होती, एक शेजारणीसाठी.

सगळ्यात शेवटी ठिपकीची सासू आली. इकडेतिकडे बघून ती कुजबुजली, "माझ्या एका ओळखीच्या बाईंचं हो, अंग बाहेर येतं. वीस वर्षं झाली."

"त्या बाईंना आडव्या व्हायला सांगा," मावशी म्हणाली.

त्याच दिवशी राजवैद्यांनी दरबारात अहवाल वाचला : राज्यात असा एकही रुग्ण नाही. सिंहमहाराजांनी त्यांना शाल दिली.

तात्पर्य : ज्या दुखण्याबद्दल कोणी बोलत नाही, ते दुखणं राज्यात नसतं. म्हणून बाळांनो, आई हसता हसता मध्येच थांबली, तर तिला काहीएक विचारू नका. राज्य निरोगी राहील.