चांदी आधी की इलेक्ट्रोलाइट आधी

तब्येत ठणठणीत असणं ही माणसाची मोठीच अडचण असते. तिच्यावर इलाज सापडत नाही. अंबरनाथ पूर्वेच्या विष्णुपंतांना मात्र तो सापडला. उल्हासनगरचा हितेश कोलॉइडल सिल्व्हर, म्हणजे अतिबारीक चांदी मिसळलेलं पाणी विकायचा. कशावर उपयोगी, असं कोणी विचारलंच तर तो म्हणे, "साईं, आपको क्या हुआ है, वो बताओ."

विष्णुपंत रंगाच्या कारखान्यातले निवृत्त गुणवत्ता अधिकारी. शेड जुळत नाही म्हणून डबे परत पाठवण्यात त्यांची उभी हयात गेली होती. असा चोखंदळ माणूस चांदी पितो म्हटल्यावर सोसायटीचं अख्खं प्रभात आरोग्य मंडळ पिऊ लागलं.

पेच वेगळाच होता. फिरून आल्यावर मंडळ इलेक्ट्रोलाइट पीत असे. (पूर्वी याला मीठ-साखरेचं लिंबूपाणी म्हणत, तेव्हा ते घरी होत असल्यामुळे गुणकारी नव्हतं.) त्यानं चांदी अंगी लागते की वाया जाते? अध्यक्ष श्यामकांतांनी उपसमिती नेमली. समितीनं दोन्ही द्रव्यं एका पेल्यात ओतली, तर पाणी गढूळलं. निम्मे म्हणाले चांदी नासली, निम्मे म्हणाले खुलली. (एका सभासदानं तोवर पुरावा पिऊन टाकला.) अखेर ठरलं: दोन्हींत अर्ध्या तासाचं अंतर, आणि वाया जाणाऱ्या चांदीची भरपाई म्हणून मात्रा दुप्पट. मुळात चांदी प्यायचीच कशाला, असं विष्णुपंतांच्या सूनबाई नीलिमानं विचारलं होतं; पण तो प्रश्न विषयपत्रिकेवर नव्हता.

वर्षभरात विष्णुपंतांचा चेहरा निळसर राखाडी झाला. मंडळानं त्याला तेज म्हटलं.

नात राजसीचा साखरपुडा झाला आणि बदलापूरच्या व्याह्यांचा फोन आला. आजोबांना हे जे काही आहे ते घराण्यातलं तर नाही ना, खात्री होईपर्यंत लग्नाची तारीख नको. राजसी नुसती रडली. विष्णुपंतांनी साखरपुड्याचे फोटो मागवले, चष्मा पुसून पाहिले. हा डबा त्यांनी कधीच पास केला नसता. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डॉक्टरांनी सांगितलं, की हा रंग आता जायचा नाही, चांदी आजच बंद करा. आणि इलेक्ट्रोलाइटचं काय? डॉक्टर हसले. पोटात आम्ल आणि मीठ मुळातच भरपूर असतं, म्हणाले, त्यात तुमच्या पेलाभर पाण्यानं काय दिवे लागणार?

विष्णुपंत स्वतः बदलापूरला गेले. हा आजार नाही, शुद्ध मूर्खपणा आहे, असं त्यांनी हात जोडून सांगितलं. व्याह्यांचा जीव भांड्यात पडला. मूर्खपणा त्यांच्याही घरात होता. तारीख निघाली.

मग विष्णुपंतांनी मंडळाची खास सभा बोलावली, समोर उभे राहिले.

"माझ्या तोंडाकडे बघा," ते म्हणाले. "हे पिऊ नका."

सभा गहिवरली. शेवटी श्यामकांतांनी हळूच विचारलं, "पंत, तुम्ही चांदी आधी घेत होता, की इलेक्ट्रोलाइट?"

मंडळाला हसू नका. शीर्षक वाचून तुम्हीही तेवढंच विचारायला आला होता.