खालिदा आपा वार विचारतात

खालिदा आपांसमोर 'यापुढं लक्षात ठेवीन' म्हणायची सोय नाही. म्हणालात, की त्यांचा चष्मा कपाळावर जातो. "लक्षात ठेवणं हे काम नव्हे, वकीलसाहेब. काम सांगा. अन् वार सांगा!"

आम्ही पाच मध्यस्थ. कोर्टात भांडणाऱ्यांना समोरासमोर बसवून बोलतं करायचं, हे आमचं काम. ते कसं केलं, हे दर शनिवारी आपांना सांगायचं. जन्मभर हेच केलेल्या आपा आमच्या चुका इतक्या आवडीनं ऐकतात, की आपण पदक जिंकून आलोय असं वाटावं.

मी एकदा कबुली दिली. विहिरीवरून भांडणारे दोघं भाऊ. थोरला गप्प झाला की मीच बोलत सुटायचो.

"मला धीर धरायला हवा," मी म्हणालो.

"धीर कुठं असतो? खिशात?"

"मग... तो थांबला की मनात वीस आकडे मोजीन."

"वार?"

"मंगळवार."

ते त्यांनी माझ्याच हातून लिहून घेतलं.

मंगळवारी थोरला थांबला. मी मोजू लागलो. चौदाला तो पुटपुटला, "बाप गेला तवा अग्नी द्यायला माझ्यासाठी कुणी थांबलं नाय."

धाकटा ताडकन उठला. "थांबलो व्हतो की दादा! दुपारपर्यंत थांबलो. तुझा फोनच लागंना!"

विहीर राहिली बाजूला, दोघं गळ्यात पडून रडायला लागले!

मी तडक आपांकडं धावलो. त्या खुर्चीतून उठल्याच. "चौदाला? पक्कं चौदाला?" तीनदा विचारून त्यांनी मला टाळी दिली. मग एकदम खाली बसल्या.

"माझी धाकटी बहीण करमाडला असते. अम्मीच्या दुखण्यात तिला नको ते बोलले. सहा वर्षं झाली. माझं चुकलं, हे मला त्याच दिवशी कळलं होतं. रविवारी येता सोबत? एकटीनं जायची लई भीती वाटते."

गेलो. जालना रोडभर आपा काय बोलायचं ते पाठ करत होत्या. दार बहिणीनंच उघडलं. आपा पाठ केलेलं सगळं विसरल्या. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत नुसत्या उभ्या.

बहिणीनं त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "इत्ती दुबली कैसी हो गई गे, आपा?" म्हणाली, आणि त्यांच्या हातातली पिशवी काढून घेतली.