तुळशीरामभाऊंचं खोगीर

नऊ फेब्रुवारी. सकाळचं काम म्हणजे वाळलेल्या मिरच्यांचे देठ खुडणं. मागच्या अंगणात पोतं अंथरून बसले होते. मिरच्या खुडताना मी मान वर करत नाही, त्या दिवशी केली, कारण भिंतीवर कसली तरी सावली हलत होती. पाहते तर शेजारच्या चिंचेला, भिंतीच्या वर, दोन पाय लोंबत होते. पायांत मोजे होते.

घाबरून मी नको ते केलं. त्याच हातांनी डोळे चोळले.

पुढचं काही दिसलं नाही. मी बोंबलत हौदाकडे निघाले आणि तुळशीवृंदावनाला धडकले. तेवढ्यात वरून आवाज आला, "बाई, मिरची भिवापुरी हाय वाटते. ठसका इथवर येऊन राह्यला."

मेलेला माणूस मिरचीची जात विचारत नाही. डोळे धुतले, बादली पालथी घालून तिच्यावर उभी राहिले आणि भिंतीपलीकडे पाहिलं. तुळशीरामभाऊ फांदीला टांगलेले होते. कमरेला विजेच्या खांबावर चढणाऱ्या लाइनमनचा पट्टा, पट्ट्याच्या आत गुंडाळलेली जाडजूड गोधडी, आणि चेहरा एखाद्या मीटिंगला बसल्यासारखा.

"काय करून राह्यले भाऊ?"

"बसून पाहून राह्यलो."

हे उत्तर ऐकून मला आश्चर्य वाटायला नको होतं. भाऊ एसटीत कंडक्टर होते. आमचं गाव ब्रह्मपुरी आणि वैनगंगा यांच्या मध्ये, त्यामुळे पुलापलीकडे जाणारी सगळी गर्दी त्यांनी उभ्यानं हाकली. रिटायर झाले त्या दिवशी हार काढता काढता म्हणाले, "आयुष्यभर उभा होतो. आता बसन तं नीट बसन." लोकांना वाटलं भाषण आहे. तो कार्यक्रम होता.

तेव्हापासून हा माणूस जगातल्या प्रत्येक बैठकीची परीक्षा घेतो. ब्रह्मपुरीच्या फर्निचरवाल्याकडे एका खुर्चीत ते इतका वेळ बसले की दुकानदारानं चहा मागवला. चहा पिऊन म्हणाले, "चहा चांगला हाय, खुर्ची नाई." माझ्या पुतणीच्या लग्नात नवरदेव यायच्या आधी स्टेजवरच्या त्याच्या सिंहासनावर जाऊन बसले. वऱ्हाडी पाहत राहिले. मग नवरदेवाला बाजूला घेऊन सांगितलं, "आहेर होईपर्यंत तुमची पाठ धरन. मागं उशी घ्या." मी शिवणकाम करते. एकदा माझ्या मशीनच्या स्टुलावर बसून म्हणाले, हे दोन बोटं उंच पाहिजे. मी काही ऐकलं नाही. वर्षभरानं पाठदुखीला कंटाळून स्टुलाखाली लाकडाचे तुकडे ठोकले आणि पाठ दुखायची थांबली. हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

कुणी वाद घातला की त्यांचं एकच वाक्य असतं, "बसून पाह्यल्याशिवाय बोलू नोका."

इथवर सगळं ठीक होतं. खुर्चीवरून पडला तर माणूस जमिनीवर येतो. चिंचेवरून पडला तर दवाखान्यात जातो, आणि भाऊंना दवाखान्यात जाणं परवडणारं नव्हतं. त्यांच्या बायकोला, पार्वताबाईंना, दोन वर्षांपूर्वी लकवा मारला. डावं अंग गेलं. जीभ मात्र शाबूत आहे, जरा जास्तच. त्यांना उठवणं, न्हाऊ घालणं, जेवू घालणं सगळं भाऊ करतात. वेणीसुद्धा घालतात, भांग मुलचेऱ्याच्या रस्त्यासारखा वाकडातिकडा निघतो. मूलबाळ नाही. भाऊ पडले तर पार्वताबाईंना कोण पाहणार? मीच. दोन घरांमध्ये भिंत एकच आहे.

म्हणून मी बादलीवरूनच सुनावलं, "घरात लकव्याचं माणूस हाय, आणि तुमी झाडाले लटकता? पडले तं?"

"म्हून तं चांगलं खोगीर पाहून राह्यलो."

"खोगीर?"

"झाडावर बसाचं. घोड्याले असते ना, तसंच. फक्त घोडा नाई."

झाडावर कशाला चढायचं, हे त्यांनी सांगितलं नाही. खाटेवरून पार्वताबाई म्हणाल्या, "राहू दे बाई. वर हाय तोवर घरात शांती हाय."

लाइनमनचा पट्टा नापास झाला. का, ते त्यांनी मला बोलावून दाखवलं. पट्टा नुसता कमरेला, मांड्यांना आधार नाही, म्हणून सगळं वजन बरगड्यांखाली येतं आणि माणूस शेंगेसारखा लोंबतो. "हे काम करणाऱ्याचं हाय. बसणाऱ्याचं नाई."

मग ते मुलचेऱ्याकडे गेले. तिकडच्या बंगाली गावांत शिंदीचा रस काढणारे लोक दोरीच्या पट्ट्यात पाठ टेकून झाडावर चढतात. भाऊ तो पट्टा घालून शिंदीवर चढले, आणि परत आले ते पोटऱ्या सोलून. तोही नापास. "त्यात पायानं खोडाले रेटा द्या लागते. पाय मजबूत पायजे."

"तुमचे आहेत की मजबूत."

ते पोटऱ्यांना हळद लावत आत गेले. मलाही ब्लाउज द्यायचे होते.

त्यानंतर कुठून तरी खोक्यात घालून खरं खोगीर आलं. रुंद कमरपट्टा, दोन्ही मांड्यांना पट्टे, बुडाखाली फळीसारखी पट्टी, पुढे कड्या. झाडांवर चढून बिया गोळा करणारे वापरतात म्हणे. भाऊंचा मेहुणा, पार्वताबाईंचा धाकटा भाऊ, नदीपलीकडे राहतो. त्यानं रोपवाटिकेसाठी बिया काढण्याचं काम अनेक वर्षं केलं. त्यानं येऊन चिंचेला जाड दोर आणि पुली बांधून दिली. कमरपट्टा कमरेच्या हाडाच्या वर बसला पाहिजे, मांडीच्या पट्ट्यात दोन बोटं जावीत, तिसरं जाऊ नये, असं काय काय शिकवलं. भाऊंनी त्यात आपलं घातलं, "उभ्यानं घालून काय समजते? टांगून पाहा." आणि रोज गोधडी कमरेला गुंडाळून, वरून पट्टा आवळून, ते टांगून पाहू लागले. ती गोधडी मला कळत नव्हती. मुळात ते काडीपैलवान. वाटलं, हाडं टोचत असतील.

एका दुपारी ते जरा जास्त वर गेले, पार फांदीच्या बेचक्यापर्यंत, आणि तिथे बसून राहिले. रस्त्यावरून शेतातल्या लाखोळीच्या पेंढ्यांचं ओझं घेऊन चाललेल्या बायांनी पाहिलं. आमच्याकडे म्हातारा माणूस भरदुपारी झाडावर दिसला तर त्याचा अर्थ एकच होतो. ओझी रस्त्यात टाकून बाया पळाल्या. "वाघ आला, तुळशीराम झाडावर चढला" ही बातमी त्यांच्याही पुढे पोचली. शाळेनं दारं लावली. गिरणी बंद पडली. मीही सगळं ठाऊक असताना आत येऊन कडी घातली, कारण वाघाच्या बाबतीत शहाणपणा करू नये. शेवटी वनरक्षक चार माणसं आणि फटाके घेऊन आला.

"भाऊ, कुठी हाय वाघ?" त्यानं खालून दबक्या आवाजात विचारलं.

"मले काय मालूम? इथी तं नाई."

"मंग वर काऊन बसले?"

"डाव्या मांडीले मुंग्या येते का पाहून राह्यलो."

वनरक्षकानं टोपी काढली, पुन्हा घातली आणि माझ्या दाराकडे पाहिलं. मी खिडकी लावून घेतली.

यापुढे हा माणूस मला धक्का देऊ शकणार नाही, असं मी त्या संध्याकाळी ठरवलं. धक्के ठरवून थांबत नाहीत.

होळीनंतरची गोष्ट. मी दुपारी एका ब्लाउजची बाही बेतत होते. भाऊ दारात आले आणि उभे राहिले. स्टूल पुढे केलं तरी बसले नाहीत. तिथेच मला समजायला हवं होतं.

"बाई, एक विचारू? राग नोका मानू."

"विचारा."

"तुमची कंबर किती?"

मी कात्री खाली ठेवली नाही. गावातल्या तमाम बायांची मापं मी घेतली आहेत. माझं माप मला कुणी विचारलेलं नाही, माझ्या नवऱ्यानंसुद्धा नाही.

"आणि मांडी बी लागन," भाऊ जमिनीकडे पाहत म्हणाले.

"भाऊ, तुमचं वय काय, बोलून काय राह्यले? पार्वताबाईले सांगू?"

"तिनंच धाडलं. म्हने, माह्या अंगाची गावात एक कल्पनाबाईच हाय. जाड म्हून नाई म्हने, तिच्या मापाची म्हून."

मी कात्री खाली ठेवली. माझ्या स्टुलावर ते बसले नाहीत म्हणून मी बसले.

मग त्यांनी सांगितलं. तुकड्यातुकड्यांत, तिकिटं फाडावी तसं. पार्वताबाई लग्न होऊन आल्या तेव्हा भाऊ नुकतेच नोकरीला लागले होते. सकाळी जात, रात्री येत. रिकाम्या घरात नवी नवरी, सासूची नजर चुकवून चिंचेवर चढायची. बेचक्यातून वैनगंगा दिसते. वैनगंगेपलीकडे तिचं माहेर. एकदा सासूनं पाहिलं, आरडाओरड झाली, चढणं बंद झालं. भाऊंना हे सगळं माहीत नव्हतं. लकवा झाल्यावर, खाटेवर पडल्या पडल्या पार्वताबाईंनी एकदा सहज सांगितलं, तेही त्यांना चिडवायला. तुमी दिवसातून कितीदा नदी ओलांडत होते, आन् मी झाडावरून पाहत होते.

"मी रोज तिच्या माहेराच्या फाट्यावर गाडी उभी करत होतो, बाई. ती इथून पाहत होती. आता तिले वर नेऊन दाखवाची हाय नदी."

मी भावुक बाई नाही. मी विचारलं, "डॉक्टरले विचारलं?"

"विचारलं. बसली तं चालते म्हने. लोंबकळू नोका देऊ. म्हून तं बसाचं पायजे."

"तुमी एवढे दिवस बसून पाह्यलं ना? झालं की मंग."

"माह्या अंगाले पाह्यलं. गोधडी बांधून तिच्याएवढा झालो, पण गोधडीले काय टोचते? हाडं माहीच." त्यांनी माझ्या डबीतली टाचणी उचलली. "मले टोचलं तं मी वरडीन. तिची डावी बाजू वरडत नाई, बाई. मांडी कापली तरी तिले समजनार नाई. वर हासत बसन. तिच्या अंगाच्या कोनी तरी बसून सांगाले पायजे, कुठी टोचते."

ते निघून गेले. उत्तराची वाट पाहिली नाही. बाहीचं कापड मी चुकीचं कापलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुलीची ढगळ सलवार घातली, केस घट्ट बांधले आणि त्यांच्या अंगणात गेले. पार्वताबाईंची खाट चिंचेखाली आणली होती. मेहुणा दोर तपासत होता. भाऊंना मी भिंतीकडे तोंड करून उभं राहायला सांगितलं. ते राहिले.

पार्वताबाईंनी एकट्या उजव्या हातानं माझे पट्टे आवळले.

"पोट आत घे."

"जाते तेवढं घेतलं."

"माहं बी एवढंच जाते. बरोबर हाय."

मेहुण्यानं दोर ओढला आणि माझे पाय जमिनीवरून सुटले. तेव्हा मी जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. पार्वताबाईंना मात्र इतकं हसू आलं की खाट करकरली. मग मी हळूहळू बसले. खरोखर बसले, खुर्चीत बसावं तशी.

"कुठी टोचते?" भाऊंनी भिंतीला विचारलं.

"कुठी नाई."

"घाई नोका करू, बाई. बसून पाहा."

बसले. मिरच्या दळायच्या होत्या, तरी बसले. बऱ्याच वेळानं समजलं. डाव्या मांडीला, आतून, पट्ट्याची कड लागत होती. थोडीच. दुखलं असतं तर मी कधीच हलले असते. तसं मी सांगितलं. किती बोटं आतून, हे भाऊंनी भिंतीकडे तोंड करूनच विचारून घेतलं.

"आता वर जा नं," पार्वताबाई म्हणाल्या. "आलीच हायेस तं नदी पाहून घे."

"नेऊ का?" मेहुण्यानं विचारलं.

"मले नदी पुलावरून दिसते. उतरवा."

पट्ट्याच्या शिवणीला हात लावायचा नाही, वजन तिच्यावर असतं, असं मेहुण्यानं बजावलं. म्हणून वरून मऊ गादीची खोळ चढवायची ठरली. मी भाऊंची ती गोधडी मागून घेतली. आता त्यांना तिचं काम नव्हतं. घरी येऊन मशीन उघडलं, गोधडी कापली आणि डाव्या बाजूला दोन थर जास्त घातले.