खंडेरावांचा उलटा फ्रिज

बंब विकायचा, एवढंच खंडेराव थोरातांनी ठरवलं होतं. त्यात वाईट काहीच नव्हतं. जे काही वाईट झालं ते पुढे झालं.

निमित्त सासूबाईंच्या पत्राचं. रत्नाबाईंनी संगमनेरहून कळवलं होतं की धाकट्या पुष्पलतेसाठी तुमच्या कृष्णकांतचं स्थळ मनात आहे, तेव्हा संक्रांत झाली की येते. पण मागल्या खेपेला तुमच्या बंबाच्या धुरानं माझे डोळे तीन दिवस गळत होते. एक पोर त्या धुरात दिली. दुसरी द्यायची की नाही, ते आंघोळीला बसल्यावर ठरवीन.

कृष्णकांत हा खंडेरावांचा धाकटा भाऊ, बोईसरला एका कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्ट. पुष्पलतेला त्यानं एका लग्नात लांबून पाहिलं होतं आणि तेव्हापासून तो 'डिअर सर'च्या जागी काय वाटेल ते टाइप करत होता. पत्र वाचून त्याचा चेहरा पार उतरला.

"दादा, माझं लग्न आता तुझ्या हातात आहे."

"हातात कसलं, स्टोव्हवर आहे," नर्मदा म्हणाली. ती खंडेरावांची बायको आणि रत्नाबाईंची थोरली लेक, म्हणजे दोन्हीकडून अडकलेली. "पातेलंभर पाणी तापवून देईन. धूर नाही नि काही नाही."

इतकं सोपं उत्तर खंडेरावांना आयुष्यात कधी पटलं नव्हतं. ते सातपाटीच्या रस्त्यावरच्या बर्फाच्या कारखान्यात मशीन ऑपरेटर होते. बर्फाच्या संगतीत बारा वर्षं काढल्यामुळे त्यांना एक गुपित ठाऊक होतं (आणि ते ऐकायला पालघरात कुणीही तयार नव्हतं): बर्फ करताना पाण्यातली ऊब बाहेर निघते, आणि ती मागच्या नळ्यांतून वाया जाते.

"फ्रिज म्हणजे तरी काय? छोटा बर्फाचा कारखाना!" ते म्हणाले. "लोक त्याच्या पोटातला गारवा वापरतात आणि पाठीची ऊब फुकट घालवतात. आपण त्याची पाठ पाण्यात बुडवायची."

"पण आपल्याकडे फ्रिज कुठाय?"

म्हणून बंब गेला, आणि बदली होऊन निघालेल्या एका साहेबाचा जुना फ्रिज हातगाडीवरून आला. खंडेरावांनी चार दिवस रजा टाकली, फ्रिजच्या पाठीची जाळी नळ्यांसकट मोकळी केली, वाकवली आणि न्हाणीघरातल्या पिंपात सोडली. फ्रिजचं तोंड स्वयंपाकघरात, पाठ न्हाणीत. मधली भिंत त्यासाठी हातभर फोडावी लागली, ते आपण सोडून देऊ. घरमालक दामूशेठनी मात्र सोडून दिलं नाही.

"आणि हे बिघडलं तर?" नर्मदेनं विचारलं.

"कारखान्यात प्रत्येक मशीनला स्टँडबाय असतो," खंडेराव अभिमानानं म्हणाले आणि पिंपाच्या काठाला विजेचा रॉड अडकवला.

"दोन्ही विजेवरच? मग वीज गेली तर?"

"तर दोन्ही बंद," खंडेराव म्हणाले, आणि आपण काय बोलून बसलो ते त्यांना जरा उशिरानं कळलं.

चाचणीत फ्रिज वीस मिनिटं घरघरला आणि गप्प झाला. पाणी जेमतेम कोमट. खंडेरावांनी कपाळावर हात मारला. आतला रिकामा डबा गार झाला की मशीन बंद पडणारच! आत ऊब असेल तर ती बाहेर येणार.

"म्हणजे आत काहीतरी गरम ठेवायला हवं," ते म्हणाले. "समज, डाळ. मोठं पातेलंभर."

"म्हणजे आधी मी स्टोव्हवर डाळ तापवायची, आणि मग डाळीनं पाणी तापवायचं?"

"अगदी बरोबर!"

"मग पाणीच स्टोव्हवर का नाही ठेवायचं?"

"त्यात शास्त्र नाही," खंडेराव म्हणाले. नर्मदेनं डाळ द्यायला साफ नकार दिला.

रत्नाबाई आल्या. सकाळी आठला त्यांनी बाहेरच्या खोलीत पाटावर बैठक मारली. गळ्यात तुळशीची माळ, माशाचं नाव कानावर पडलं तरी चूळ भरणारी बाई. आंघोळ झाल्याशिवाय चहासुद्धा घ्यायची नाही. खंडेरावांनी फ्रिजमध्ये नळाच्या पाण्याच्या कळशा भरून ठेवल्या होत्या, पण जानेवारीतल्या कळशीत ऊब ती किती? नऊ वाजले, पाणी कोमटच.

"जावईबापू, पाणी तापतंय की आळवणी करताय?"

खंडेरावांनी घाईघाईनं स्टँडबाय लावला. फट्! फ्यूज उडाला. तो बांधेपर्यंत साडेनऊ झाले. रत्नाबाईंचं डोकं मात्र कुठल्याही मशीनशिवाय तापलं होतं. कृष्णकांत दाराआड उभा राहून नखं खात होता.

एवढ्यात मागच्या दारी नवसी आली. सातपाटीची मासळीवाली, बाजारात जाताना नर्मदेशी दोन शब्द बोलून जायची.

"खंडेरावदादा, आज बरफ नाय भेटला बगा. कारखाना बंद हाय. मशीनवाला रजेवर गेलाय सांगतात, मेला." (मशीनवाला मेला दारातच उभा होता.) "पाटीभर पापलेटं हायेत. तुमच्या कपाटात ठेवू का घटकाभर?"

खंडेरावांनी पाटीत हात घातला. नुकती होडीतून उतरलेली मासळी, कळशांपेक्षा कितीतरी ऊबदार. वीस किलो तरी होती. त्यांचे डोळे चमकले.

"ठेव! सगळी ठेव!"

कळशा बाहेर आल्या, पापलेटं आत गेली. फ्रिजनं असा काही सूर धरला की भिंतीवरचं कॅलेंडर हललं. साडेअकराला पिंपातून वाफा निघायला लागल्या.

रत्नाबाई आंघोळ करून बाहेर आल्या त्या प्रसन्न होऊन. "असं पाणी जन्मात अंगावर घेतलं नव्हतं हो! धुराचा मागमूस नाही. कृष्णकांतराव, या इकडे, बसा."

'राव' ऐकून कृष्णकांतला रडूच आलं. इथं खंडेराव गप्प राहिले असते तर गोष्ट संपली होती.

"पण तापवलं कशावर?" रत्नाबाईंनी सहज विचारलं.

"आई, त्यातच तर गंमत आहे!" नर्मदा डोळे वटारत असतानाच खंडेरावांनी सुरुवात केली. "ऊब कुठूनतरी घ्यावी लागते. आपण ती इथून घेतली." आणि त्यांनी फ्रिजचं दार उघडलं.

चाळीस पापलेटांनी रत्नाबाईंकडे पाहिलं.

"अगं बाई! म्हणजे मी माशांत न्हाले?"

"नाही नाही, आई! मासे कोरडे आहेत. तुमच्या अंगावर आली ती फक्त त्यांची ऊब!"

यापेक्षा त्यांनी काही बोलायला नको होतं. रत्नाबाई माळ हातात धरून "विठ्ठला, विठ्ठला" करत पुन्हा न्हाणीत शिरल्या. पिंपातल्या पाण्याला त्या हात लावणार नव्हत्या. नर्मदेनं स्टोव्हवरचं पातेलं उतरवून आत नेलं. सकाळी आठपासून तिनं ते मंद आचेवर ठेवलं होतं.

तेवढ्यात नवसी मासळी न्यायला आली आणि तिनं एक पापलेट फरशीवर आपटून पाहिलं. "दादा, ही काय फळकुटं केलीत? लोकं मला इचारतील, मच्छी इकतेस की लाकडं?"

दुसरी आंघोळ, चहा, नामस्मरण सगळं उरकून रत्नाबाई पाटावर बसल्या.

"एकच विचारते," त्या म्हणाल्या. "या धाकट्याला यंत्रातलं काही कळतं का?"

भावाचं लग्न हातचं चाललं, हे खंडेरावांना दिसत होतं. ते तळमळून म्हणाले, "आता नाही कळत, आई, पण मी शिकवीन ना त्याला!"

"आई, त्याला काहीसुद्धा कळत नाही," नर्मदा मध्येच म्हणाली. "साधा बल्ब बदलायला शेजाऱ्यांना हाक मारतो."

"खरं?"

"देवाशपथ!" कृष्णकांत ओरडला.

"मग दिली पुष्पलता," रत्नाबाई म्हणाल्या. "फक्त जावईबापू, याला आयुष्यात काही शिकवणार नाही, असं मला लिहून द्या."

खंडेराव जड मनानं कागद शोधायला उठले, तर कागद आणि पेन घेऊन कृष्णकांत आधीच पुढे उभा होता.