वकीलसाहेबांचा पोलीस

वऱ्हाड नव्या महाराष्ट्रात गेलं त्या सुमारास अमरावतीत भाषणं पुष्कळ होत. पण आपल्यावर पाळत ठेवणाऱ्या पोलिसाला सांभाळून घेत भाषण करणारा माणूस एकच होता, आमच्या शेजारचे वामनराव काळपांडे वकील. वेगळ्या विदर्भावर बोलताना ते ऐन रंगात येत, सरकारचे वाभाडे काढत आणि मधेच थांबून समोर पाहत.

"तुळशीराम, झालं का लिहून?"

"थांबा ना साहेब," खालून आवाज येई, "'दगाबाज'पर्यंत आलो."

सभा हसे. वकील घोटभर पाणी पीत आणि "नोंद घ्या!" म्हणून पुढच्या वाक्याला हात घालत. ही त्यांची सवयच. भाजीवालीलाही ते "वांगी किडकी आहेत, नोंद घ्या" असं बजावत.

तुळशीराम हा साध्या वेशातला पोलीस. साधा वेश म्हणजे धोतर-टोपी. पायांत मात्र सरकारी बूट, कारण दुसरी वहाण नव्हती. तो वकिलांच्या घरासमोर लिंबाखाली येऊन बसे. उन्हाळा तापला तसं वकिलांनी त्याला हाक मारली, "लपायचंच आहे तर सावलीत लप!" तेव्हापासून हा गुप्त पोलीस वकिलांच्या ओसरीवर बसून, वकिलांचाच चहा पिऊन वकिलांवर नजर ठेवू लागला. वकिलांची बायको वारल्यापासून त्या घरात सकाळी एकच कप भरत असे, तो आता जोडीनं भरू लागला.

एकदा अकोल्याला जाताना वकिलांनी सुटलेली एसटी आरडाओरडा करून थांबवली. कंडक्टर घाबरला. वकील म्हणाले, "अहो, माझा पोलीस खाली राहिला!"

पुढे चळवळ थंडावली. वकिलांचा रक्तदाब वाढला, डॉक्टरांनी भाषणं बंद केली. मी एका सकाळी पेपर मागायला गेलो, तर तुळशीरामपुढचा चहा गार झालेला.

"काय झालं रे?" वकिलांनी विचारलं.

"साहेब, तुमची फाईल बंद करून राहिले. तुमी आता धोक्याचे नाई म्हनते. मले सेमाडोहले धाडून राहिले."

सेमाडोह म्हणजे थेट मेळघाटचं जंगल. तुळशीरामची बायको रुखमा इथल्या सरकारी दवाखान्यात होती, क्षयाची इंजेक्शनं चालू होती, अजून तीन महिने लागणार होते.

"तिले टाकून कसा जाऊ? मांगं तिचं कोनी नाई."

वकिलांनी हातातल्या पेपरची घडी घातली. मग एकदम उसळले, "मी धोक्याचा नाही? कोण म्हणतो?"

चौथ्या दिवशी त्यांनी चौकात सभा लावली. साठ-सत्तर माणसं आली. कलेक्टर कचेरीसमोर धरणं धरायला तेव्हा बंदीचा हुकूम होता. वकील चढ्या आवाजात म्हणाले, "उद्या अकरा वाजता मी कलेक्टर कचेरीच्या दारात आडवा पडणार! हुकूम मोडणार! नोंद घ्या!"

समोर पेन्सिल थांबली होती.

"तुळशीराम, झालं का लिहून?"

"नाई लिहित साहेब. तुमाले आत टाकतीन."

सभा खो खो हसली. मला मात्र हसू येईना. वकील व्यासपीठावरून वाकले.

"सगळं लिही. एक शब्द गाळलास तर उद्यापासून चहा बंद."

तुळशीरामनं डोळे पुसत लिहिलं. वकील खरोखरच दुसऱ्या दिवशी आडवे पडले आणि पंधरा दिवस तुरुंगात गेले. तिथंही म्हणे भाकरी करपली की ते जेलरला नोंद घ्यायला सांगत. सरकारनं फाईल पुन्हा उघडली आणि यावेळी दोन पोलीस नेमले. तुळशीरामची बदली अर्थातच रद्द झाली; वकिलांची सवय त्याच्याइतकी कुणाला होती?

सुटून आले त्या दिवशी वकिलांनी आल्याआल्या तीन कप मांडले. नवा पोलीस वही उघडून ताठ बसला होता. तुळशीराम वकिलांच्या पायाशी बसला आणि हमसून रडू लागला. वकिलांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्यांचाही चष्मा ओला झाला होता.

नव्या पोलिसानं पेन्सिल उचलली.

"याची नोंद नको," वकील म्हणाले.