जिना ते जीप

मेश्राम बाबूंनी आफ्रिकेतल्या सात शास्त्रज्ञांना आपल्या अंगणात पळवलं आहे. मी साक्षीदार आहे, कारण त्यांच्यापुढे साहेब होऊन मीच चालत होतो.

बाबू आमचे तुमसरचे शेजारी. सरकारी कचेरीत जन्मभर कारकुनी करून निवृत्त झालेले. त्यांची पुतणी आफ्रिकेत एका संशोधन संस्थेत आहे. तिथल्या शास्त्रज्ञांचं दुखणं असं, की शोध लागतो, पण मंत्र्यांच्या कानात शिरत नाही. ‘सरकारी माणसाचा कान कुठून उघडतो ते माझ्या काकांना विचारा,’ असं ती बोलून गेली आणि दर शनिवारी बाबूंच्या टॅबलेटवर शास्त्रज्ञ उगवू लागले. बाबूंना इंग्रजी येत नाही. मी इंग्रजीचा मास्तर, म्हणून दुभाषा झालो. आणि पोट सुटलेलं आहे, म्हणून साहेबही.

“सायेब खुर्चीत भेटतच नाई, गुरुजी,” हा बाबूंचा सिद्धांत. “जिना ते जीप, तेवढाच भेटते. तेवढ्यात तीन वाक्यं. चौथं धुरात जाते.”

सरावापुरता आमचा जिना म्हणजे ओट्याच्या तीन पायऱ्या. जीप म्हणजे पेरूखाली उभी केलेली माझी स्कूटर. मी घड्याळ बघत निघायचं, बाबू टॅबलेट माझ्या नाकासमोर धरून उलटे चालणार आणि आतला शास्त्रज्ञ जीव तोडून बोलणार. मध्येच मी जांभई द्यायची. “जांभई कमी पडून राहिली, गुरुजी! सायेब आत्ताच जेवला हाये!”

एकदा बाबू टॅबलेटसकट म्हशीच्या पाण्याच्या टाक्यात बसले. पडद्यावरचे युगांडाचे प्राध्यापक त्याही अवस्थेत मातीच्या आम्लतेवर बोलत राहिले. बाबूंनी ओल्या कपड्यांनिशी त्यांना नापास केलं. “सायबाले आम्लता नाई समजत. माती आंबट झाली म्हना.”

पास होण्याची खूण एकच. साहेबानं थांबून ‘बसा’ म्हणायचं. हा शब्द मी उगाच खर्च केला, तर त्या दिवशी मला चहा मिळत नसे.

सगळ्यात अवघड विद्यार्थिनी मलावीची ग्रेस. साठवलेल्या शेंगदाण्यांना बुरशी लागते, तिचं विष लेकरांच्या पोटात जातं, यावर तिचं काम. मंत्री तिच्या संस्थेत एकदाच येणार होते. आणि ही बाई स्कूटरपर्यंत बुरशीचं लॅटिन नावच सांगत होती.

“पोरी, बुरशी मत देत नाई,” बाबू कळवळले. “माय देते. माय सांग.”

आठव्या शनिवारी ती म्हणाली, “साहेब, आपली मुलं विष खात आहेत. दाणे नीट वाळवले तर विष होत नाही. गावोगावी ताडपत्र्या द्या.”

मी स्कूटरची किल्ली विसरलो. “बसा,” म्हणालो, अगदी मनापासून.

पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. मंत्री गाडीपाशी थांबले, परत आत गेले आणि ताडपत्र्या मंजूर झाल्या. बाबूंनी गल्लीभर जिलेबी वाटली. मी टॅबलेट स्कूटरच्या सीटवर टेकवून ठेवला होता. त्यातून ग्रेसनं विचारलं, “बाबू, तुमची तीन वाक्यं कोणती होती?”

मी भाषांतर केलं आणि पस्तावलो. बाबूंचा चेहराच उतरला. मग त्यांनी मला ओट्यावर उभं केलं आणि स्वतः खाली हात जोडून उभे राहिले.

“सायेब, आमच्या गावच्या तलावाची पाळ पोखरली हाये. पावसाच्या पयले माती टाका. खाली माह्या बहिणीचं घर हाये.”

जोडलेले हात सोडून म्हणाले, “बत्तीस पानं लिहून नेली व्हती मी, गुरुजी. पयलं पान वाचून होईस्तोवर जीप गेली.”

त्या पावसाळ्यात पाळ फुटली, हे मला ऐकून माहीत होतं. घरात त्यांची बहीण होती, हे आज कळलं.

मला जांभई देता आली नाही. एक पायरीही उतरता आली नाही. भाषांतर करायचंही मी विसरलो. ग्रेसला मराठी येत नव्हती, पण बाबूंचा आवाज तिनं ऐकला होता, आणि आठ शनिवार ज्याची वाट पाहिली तो एक शब्द तिला पाठ होता.

स्कूटरवरून ती म्हणाली, “बसा.”

बाबू पायरीवर बसले आणि पहिल्यापासून सांगू लागले.